उजनीचे ‘परदेशी पाहुणे’ : एका शब्दाविरुद्ध

हिवाळा लागला की एक मथळा वर्तमानपत्रांत हमखास उगवतो : उजनीवर परदेशी पाहुण्यांचे आगमन. शेजारी रोहित पक्ष्यांचे गुलाबी छायाचित्र असते आणि खाली सायबेरियाचा उल्लेख. हा प्रकार मथळ्यापुरताच राहता, तर आम्ही तो सोडूनही दिला असता. पण आता तो विद्यार्थ्यांच्या निबंधांत, ललित लेखांत, महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांतही शिरला आहे. आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी वार्षिक अंकात लिहिलेल्या लेखाचे शीर्षकही हेच होते, ही कबुली आधीच देऊन टाकतो. आमचा वाद पक्ष्यांशी नाही, त्यांना पाहायला भिगवण-कुंभारगावच्या काठावर येणाऱ्यांशीही नाही. तो या शब्दाशी आहे. मराठी शिकवणाऱ्यांनी शब्दाशी वाद घालायचा नाही, तर कोणी घालायचा?

प्रथम ‘परदेशी’ हे विशेषण पाहू. रोहित, ज्याला अग्निपंख असेही म्हणतात, तो कच्छच्या मोठ्या रणात चिखलाचे उंचवटे रचून त्यांवर अंडी घालतो. सलीम अली यांनी तेथील प्रचंड वसाहतीची पाहणी १९४५ मध्ये केली होती. म्हणजे ही माहिती नवी नाही. गुजरात परदेश केव्हापासून झाला? चित्रबलाक तर भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर घरटी बांधतो. तो इंदापूर तालुक्यातच जन्मतो. त्याला परदेशी म्हणणे हा निव्वळ आळस आहे. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो हे खरे. तिबेट-मंगोलियाप्रमाणेच लडाखच्या सरोवरांकाठीही त्याची वीण होते. शिवाय जो जीव दरसाल वर्षातले कित्येक महिने इथल्या चिखलात चरतो, त्याचे ‘घर’ फक्त विणीच्या जागी असते, हे ठरवले कोणी?

खरे परदेशी याच पाण्यात आहेत. चिलापी मासा मूळचा आफ्रिकेचा, जलपर्णी दक्षिण अमेरिकेची. भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग लागतात, जलपर्णी पाण्यावर हिरवी चादर पसरते; पण त्यांच्या आगमनाचा मथळा कधी येत नाही. म्हणजे ‘परदेशी’ हा शब्द आपण भूगोल सांगायला वापरतच नाही. जे सुंदर दिसते आणि छायाचित्रात मावते, त्याला दिलेली ती पदवी आहे.

आता ‘पाहुणे’. पाहुणा म्हटले की यजमान आला. उजनीवर यजमान कोण? भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतली गावे आणि नदीकाठची काळी जमीन त्याच्या पोटात गेली. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, अभियंत्यांच्या भाषेत ‘मृतसाठा’. मराठीत एखादा शब्द नकळत किती खरे बोलून जातो, याचे दुसरे उदाहरण शोधायला नको. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी या मृतसाठ्यातही खोल उतरले आणि जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडले. लोक ते पाहायला गेले. ज्यांचे ते गाव होते, तेही गेले.

आम्ही तिघे विद्यार्थ्यांना घेऊन कुंभारगावला गेलो होतो, तेव्हा होडी वल्हवणारे काका मध्येच थांबून म्हणाले, “सर, आपली होडी आता आमच्या मळ्यावरनं चाललीय. खाली विहीर हाय.” सगळ्यांचे डोळे दुर्बिणीला होते. आम्ही “अच्छा” म्हणालो आणि थवा उडाला म्हणून तिकडे वळलो. त्या ‘अच्छा’ची लाज आम्हांला परतीच्या वाटेवर वाटली. त्या होडीत पाहुणे कोण होते, हे सांगायला नकोच.

हे पाणी काठावरच्यांची रोजची वाटही आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे बुडाली. उजनीवरच्या ललित लेखांत आम्हांला गुलाबी पंख सापडतात, ही वाट सापडत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा शब्दाचे इतके काय? कौतुकाने म्हटले असेल. आमचे उत्तर असे की, कौतुकच जबाबदारी झटकते. पाहुणा चार दिवस राहतो आणि जातो. त्याच्या घरादाराची चिंता यजमानाला नसते. शेजाऱ्याचे तसे नसते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. ज्यांना पाहुणे म्हणून मिरवायचे, त्यांच्यापुढे आपण मोरीचे पाणी ठेवतो. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी रोहित उशिरा येतात, कारण त्यांना उथळ पाणी आणि गाळ लागतो. पाणी ओसरले की त्याच उघड्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतो. म्हणजे पक्ष्याचे आणि शेतकऱ्याचे वेळापत्रक कालव्याच्या आवर्तनाला एकाच गाठीने बांधलेले आहे. ही गाठ ‘पाहुणे’ या शब्दात दिसूच शकत नाही.

आणि आपली भाषा काही इतकी दरिद्री नाही. याच कऱ्हाकाठी, बारामतीत, मोरोपंतांनी (१७२९–१७९४) देवापुढच्या आपल्या आळवणीला ‘केकावली’ हे नाव दिले. केका म्हणजे मोराचा टाहो. कवीने स्वतःलाच पक्षी मानले. पक्ष्याला पाहुणचार देण्याचा आव आणला नाही. आणि ज्या सोलापूरला उजनीचे पाणी जाते, तिथे जन्मलेल्या मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्याच्या नोकरीत रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले, ‘पक्षीकोश’ सिद्ध केला. २००६ मध्ये ते सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आपण त्यांना मानपत्रे दिली, त्यांचे शब्द मात्र घेतले नाहीत. पक्ष्यांच्या एकत्र घरट्यांच्या जागेला ‘सारंगागार’ म्हणावे, हे आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? आम्ही शिकवले असते, तर असते.

म्हणून आम्ही एक क्षुल्लक वाटेल असा नियम केला आहे. यंदापासून आमच्या विभागात उजनीवर निबंध लिहिणाऱ्याने तीन गोष्टी नावानिशी लिहायच्या : पक्षी कोणता, पाणी कुठून आले, आणि काठावर भेटलेल्या माणसाचे मूळ गाव कोणते. ‘परदेशी पाहुणे’ लिहिल्यास दोन गुण वजा. वार्षिक अंकातल्या त्या जुन्या लेखाचे गुण आम्ही आधीच कापले आहेत.