फावल्या वेळीं : संपणारे खेळ

उन्हाळ्याची सुटी लागली कीं भंडाऱ्याच्या आमच्या घराला जत्रेचें रूप येतें. थोरले चिरंजीव पुण्याहून, पुतण्या परदेशांतून, भाची नागपुराहून, अशीं सगळीं आपापलीं मुलें घेऊन येतात. दुपारचें ऊन अंगणांत पाऊल ठेवूं देत नाहीं; वैनगंगेवरून येणारा वारासुद्धां तापूनच येतो. अशा वेळीं माजघरांत सतरंजीवर बसलेल्या आठ-दहा मुलांच्या हातीं काय द्यावें, हा प्रश्न एकत्र कुटुंबांतल्या वडीलधाऱ्यांना दरसाल पडतो. आमच्या लहानपणीं कवड्या, चिंचोके, सारीपाट व पत्त्यांचा एक जोड एवढ्यांत त्याचें उत्तर मिळे. आतां मुलें आपलें उत्तर पिशवींत घालूनच येतात: हातांत धरून खेळावयाचें एक यंत्र, आणि त्यांत आंतरजालावरून उतरवून घेतलेले खेळ.

ह्या विषयावर लिहिण्याचा ह्या गृहस्थाला अधिकार काय, असें वाचक विचारतील, व तें योग्यच आहे. माझें सारें आयुष्य शाळेंत शब्द व धातु चालविण्यांत गेलें. पण गेल्या वैशाखांत माझ्या हातून एक अन्याय घडला, आणि त्याच्या प्रायश्चित्तादाखल हा विषय मला शिकावा लागला.

पुतण्यानें धाकट्या नातवासाठीं 'स्विच' नांवाचें यंत्र आणलें होतें. नातू दहा वर्षांचा. दोन दिवस पाहिलें; पोरगा भिंतीकडे तोंड करून बसलेला, जेवावयास तीनदां हाका माराव्या लागत. तिसऱ्या दिवशीं मीं तें यंत्र उचलून कपाटांत ठेवलें आणि किल्ली जानव्याला अडकविली. मुलगा रडला नाहीं कीं भांडला नाहीं. एवढेंच म्हणाला, "आजोबा, तुम्ही एकदा बघितलंसुद्धा नाही." हें वाक्य मला फार लागलें. उत्तरपत्रिका न वाचतां गुण देणाऱ्या परीक्षकाला मीं जन्मभर नांवें ठेवलीं. आणि येथें मींच तें केलें होतें.

त्याच आठवड्यांत आमच्या सौभाग्यवतींच्या पित्ताशयांतील खड्यांची शस्त्रक्रिया नागपुरास ठरली. चिरंजीव व सूनबाई त्यांच्याबरोबर गेले. घरीं मी, वृद्ध काकू आणि मुलें. निरोप पांच वाजेपर्यंत यावयाचा होता. साडेपांच झाले. काकू जपमाळ घेऊन देवापुढें बसल्या. मी झोपाळ्यावर फोन मांडीवर घेऊन बसलों. नातू आजीचा लाडका. तो खांबाला टेकून गप्प उभा होता. मला त्याचें तोंड पाहवेना. किल्ली काढली, कपाट उघडलें व यंत्र त्याच्या हातीं दिलें. मनांत आलें, आजी तिकडे अशी असतांना हा खेळूं तरी कसा शकतो!

तो मात्र यंत्र घेऊन माझ्याच शेजारीं झोपाळ्यावर बसला आणि मला दाखवूं लागला. एक लहानशी पक्षीण, क्लेअर तिचें नांव. सुटींत मावशीकडे डोंगराळ बेटावर आलेली आहे. तेथें फोनला रेंज मिळत नाहीं. मिळते ती फक्त डोंगराच्या माथ्यावर. नातू म्हणाला, "आजोबा, हीपण फोनचीच वाट पाहते आहे." ती डोंगर चढतांना वाटेंत भेटणाऱ्यांना मदत करीत होती, सोनेरी पिसें गोळा करीत होती, आणि प्रत्येक पिसानें तिला थोडें अधिक वर चढतां येत होतें. मी फोन विसरलों नाहीं. पण हातांचा कंप थांबला. फोन कोणाचा व कशाबद्दल, हें येथें सांगून वाचकांचा रस मी बिघडवीत नाहीं. आमचा फोन पावणेसातला आला. सर्व कुशल होतें.

पुढें दोन दिवसांनीं माझ्या ध्यानांत दुसरी गोष्ट आली. तो खेळ दीड-दोन तासांचा होता. तो संपल्यावर मुलानें कोणी न सांगतां यंत्र बाजूला ठेवलें व काकूंना सगळी गोष्ट सांगावयास गेला. आधींचे दोन दिवस तो ज्या खेळांत बुडालेला होता, त्याला शेवटच नव्हता: रोज नवें बक्षीस, रोज नवी हाव. दोष यंत्राचा नव्हता, निवडीचा होता. आपल्याकडे कथेला फलश्रुति असते, पोथीला समाप्ति असते, व्रताला उद्यापन असतें. ज्याला शेवट आहे तें मनुष्याला परत घरांत आणून सोडतें.

खेळ मुळांतच वाईट, असें आपल्या पूर्वजांनीं मानलें नाहीं. द्यूताला मात्र त्यांनीं फार प्राचीन काळींच ओळखलें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत सर्वस्व घालविलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे, आणि फांसे टाकून शेती कर असा उपदेश त्याला केलेला आहे. भाताच्या आमच्या जिल्ह्याला तो निराळा समजावून सांगावयास नको. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या आंतरजालीय खेळांना बंदी केली, ती ह्याच जातीच्या अनुभवानें. पण सारीपाट व द्यूत एकाच कवडीनें खेळले जात असले तरी एक नव्हेत. आणि गंमत अशी कीं 'स्विच' करणारी जपानची निन्टेन्डो कंपनी १८८९ सालीं क्योतो शहरांत निघाली ती फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्यासाठीं! 'गेम बॉय' हें तिचें हातांतलें यंत्र १९८९ सालचें, व 'स्विच' विक्रीस आलें २०१७ सालीं. म्हणजे आमच्या फडताळांतला पत्त्यांचा जोड व नातवाच्या हातांतलें यंत्र हीं दूरचीं भावंडेंच म्हणावयाचीं.

तेव्हां खेळ निवडतांना मी तीन कसोट्या लावतों. त्याला शेवट असावा, निदान त्याचा प्रत्येक डाव थोडक्यांत संपावा. एकदां किंमत दिल्यावर त्यानें पुन्हां पुन्हां पैसे मागूं नयेत. आणि तो एकानें खेळावा व चौघांनीं शेजारीं बसून पाहावा, असा असावा. ह्या कसोट्यांस उतरलेले पांच खेळ पुढें देतों.

पहिला अर्थात् वर सांगितलेला, 'अ शॉर्ट हाइक'. तो २०१९ सालीं कॅनडांतील एका तरुणानें केला; 'स्विच'वर आला २०२० सालीं. त्यांत मारामारी नाहीं, हार नाहीं, वेळेची घाई नाहीं. ज्याला वाचतां येतें त्या कोणाही मुलाच्या हातीं निर्धास्त द्यावा.

दुसरा 'वेंबा', २०२३ सालचा. टोरोंटो शहरांतील एका लहान मंडळीनें तो केला, व २०२४ सालीं त्याला ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेचें पदार्पणाच्या खेळाचें पारितोषिक मिळालें. १९८० च्या दशकांत तमिळनाडूंतून कॅनडांत गेलेलें एक जोडपें व त्यांचा मुलगा, एवढें कुटुंब. आईनें दिलेली पाककृतींची वही जीर्ण झालेली आहे, अक्षरें पुसलीं आहेत. तर्कानें तीं लावून पदार्थ करावयाचा. इडलीपात्रांतील ताटल्या कशा रचावयाच्या, ह्यावर आमच्याकडे सूनबाई व भाची ह्यांचा असा वाद झाला कीं रात्रीं खरी इडली भिजत घालावी लागली! पण खेळाचा गाभा स्वयंपाकाचा नाहीं. मुलगा वाढतो, आईची भाषा त्याला परकी होते, तिच्या डब्याची त्याला लाज वाटूं लागते. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांनीं हा खेळ एकट्यानें खेळूं नये. दोघांनीं बसून खेळावा. दीड तासांत संपतो, पण नंतर बराच वेळ कोणी बोलत नाहीं.

तिसरा माझ्या विशेष आवडीचा, 'बाबा इज यू'. फिनलंडच्या आर्वी टेइकारी ह्यांनीं तो केला. प्रसिद्धि २०१९ सालची. पटावर भिंती, दगड व निशाण असतें, आणि त्यांच्या शेजारींच खेळाचे नियम शब्दांच्या ठोकळ्यांनीं मांडलेले असतात. 'भिंत अडविते', 'निशाण म्हणजे जय', 'बाबा म्हणजे तूं', अशा अर्थाचीं तीन तीन सोप्या इंग्रजी शब्दांचीं वाक्यें. बाबा हा एक पांढरा प्राणी. त्याला हे ठोकळे ढकलतां येतात. भिंतीचें वाक्य मोडलें कीं भिंत उभी असूनही अडवीत नाहीं. 'म्हणजे तूं' ह्या शब्दांना बाबाऐवजीं दगड जोडला कीं आपणच दगड होऊन चालूं लागतों. कोणीच 'तूं' उरलें नाहीं तर सारें थबकतें. वाक्याचा कर्ताच गेला, मग क्रिया कोण करणार? पाणिनीच्या सूत्रांत एखादें पद अनुवृत्तीनें पुढें येतें तोंवर एक अर्थ व तें थांबलें कीं दुसरा, हें मीं वर्षानुवर्षें फळ्यावर खडूनें शिकविलें. विधि, निषेध व अपवाद यांचा तो सगळा व्यवहार येथें मुलाच्या बोटांखालीं घडतांना पाहिला. चुकलेलें पाऊल हवें तितकें मागें घेतां येतें, म्हणून मूल रागावत नाहीं. कोडीं दोनशेंहून अधिक आहेत व पुढें पुढें फार अवघड होतात. तेव्हां एका बैठकींत दोन सुटलीं कीं उठावें, असा आमच्या घरचा नेम आहे.

चौथा खेळ म्हणजे खेळांची पेटीच. २०२० सालीं निघालेल्या ह्या संग्रहास अमेरिकेंत 'क्लबहाउस गेम्स' व युरोपांत '५१ वर्ल्डवाइड गेम्स' म्हणतात. त्यांत बुद्धिबळ, कॅरम व लूडो आहेत. लूडो म्हणजे आपली पचिशीच; इंग्लंडांत १८९६ सालीं तिचें तें नांव व पेटंट झालें. शिवाय त्यांत 'नाइन मेन्स मॉरिस' म्हणून एक डाव आहे. नातवानें तो उघडला तेव्हां मीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें. एकांत एक तीन चौकोन, प्रत्येकाच्या नऊ सोंगट्या, तिघींची रांग लागली कीं प्रतिपक्षाची एक उचलावयाची. ही तर आपली नवकंकरी! महाराष्ट्रांत लेण्यांच्या व देवळांच्या फरसबंदीवर तिचे कोरलेले पट आजही आढळतात.

पांचवा 'राजी'; हा महाराष्ट्रांतलाच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळीनें तो केला. २०१७ सालीं लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. २०२० सालीं खेळ जगापुढें आला. राक्षसांनीं पळविलेल्या धाकट्या भावाला सोडवावयास निघालेली बहीण ही त्याची नायिका, आणि कथा सांगतात दुर्गा व विष्णु. चित्रें पहाडी शैलीचीं, आणि मधल्या कथा छायाबाहुल्यांनीं दाखविलेल्या. पिंगुळीच्या ठाकरांचा खेळ ज्यांनीं पाहिला असेल त्यांना त्या पाहून आनंद होईल. ह्यांत युद्ध पुष्कळ आहे, म्हणून लहानग्यांना देऊं नये. थोरल्यांना चार-पांच दिवस पुरतो.

आतां व्यवहाराच्या दोन गोष्टी. असे खेळ विकत घेतले तरी ते पुस्तकासारखे फडताळांत राहत नाहींत. ते घेणाऱ्याच्या खात्याशीं बांधलेले असतात. निन्टेन्डोच्याच 'थ्रीडीएस' ह्या जुन्या यंत्राचें आंतरजालीय दुकान मार्च २०२३ मध्यें विक्रीस बंद झालें. म्हणून जो खेळ आवडला तो यंत्रांत उतरवून ठेवावा, खात्याचें नांव व परवलीचा शब्द घरांतल्या वडीलमाणसाच्या वहींत लिहून ठेवावा, आणि पैसे भरण्याची चावी मुलाच्या हातीं देऊं नये. दुसरें असें कीं यंत्र मुलाजवळ द्यावें, पण मुलाला यंत्राजवळ एकटें सोडूं नये. शेजारीं बसावें व विचारावें. समजलें नाहीं तरी विचारावें. शिकविण्याचा आनंद मुलांनाही असतो.

सौ. नागपुराहून आल्या त्या पंधरा दिवस अंथरुणावर होत्या. दुपारीं नातू यंत्र घेऊन त्यांच्याजवळ बसे, व दोघें नवकंकरी खेळत. पहिले तीन डाव तो जिंकला. पुढें त्यांना लहानपणची आठवण आली आणि त्याला एकही डाव मिळेना. एके दिवशीं दुपारभर वीज नव्हती, यंत्रही मिटलें. मी आंत गेलों तों सौ.नीं नातवाकडून पाटीवर तीन चौकोन काढवून घेतले होते; एकीकडे चिंचोके, एकीकडे कवड्या. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "हा डाव संपला कीं तुम्ही बसा." मी बसलों, आणि हरलों.