काचेच्या पेटीतली जीवदया

हल्ली गावोगावच्या प्रदर्शनांत पाळण्याशेजारी एक नवं आकर्षण असतं: पाण्याखालचा बोगदा. तिकीट काढायचं, काचेच्या कमानीखालून चालायचं. डोक्यावरून मासे जातात, मुलं ओरडतात, आपण फोटो काढतो. बाहेर आल्यावर कुणी म्हणतं, "मुलांना प्राण्यांविषयी माया वाटायला हे बरं की." आणि लगेच दुसरी म्हणते, "बेळगावात असं कायमचं मोठं मत्स्यालय व्हायला पाहिजे."

माझं म्हणणं साफ आहे. ज्या मत्स्यालयात जिवाला आणायचं दार आहे, पण समुद्राकडे परत सोडायचं दार नाही, तो तुरुंग आहे. तिथे मुलांना माया शिकवता येत नाही. आणि जैन म्हणवणाऱ्या बाईने तर त्या फेरीला जीवदया हे नाव देऊच नये.

आपल्या शास्त्राने पंचेंद्रिय तिर्यंचांचे तीन भाग सांगितले आहेत: जलचर, स्थलचर, नभचर. पाठशाळेत आपण ते घोकले. स्थलचरांसाठी पांजरपोळ काढले, चाऱ्याच्या पावत्या फाडल्या. नभचरांसाठी गच्चीवर दाणे टाकले, उन्हाळ्यात परळात पाणी ठेवलं. आणि यादीत पहिलं नाव असलेला जलचर? त्याच्या वाट्याला एवढंच आलं, की आपण त्याला खात नाही. मुनिसुव्रतनाथांचं लांछन कासव, अरनाथांचं मासा, पुष्पदंतांचं मगर, नेमिनाथांचं शंख. बस्तीत गेलं की ही चिन्हं डोळ्यांसमोर असतात. तरी समुद्राचा विषय निघाला की आपलं उत्तर ठरलेलं: "आम्ही मासेच खात नाही, मग समुद्राचं पाप आम्हाला कसलं?"

याचं उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. आपल्या आज्या पाणी दुहेरी कापडातून गाळायच्या. गाळून झालं की ते कापड मोरीत झटकत नसत. त्यावर गाळलेलं पाणी ओतून अडकलेले जीव ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत सोडायच्या. विहिरीचे ओढ्यात नाहीत, ओढ्याचे विहिरीत नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचंसुद्धा घर ठरलेलं असतं, आणि तो घरी पोचला तरच दया पुरी होते. नळ आला, फिल्टर आला. गाळणं उरलं, परत सोडणं गेलं. निम्मी दया तिथेच गेली.

आता हीच कसोटी मत्स्यालयाला लावा. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलं. त्यासाठी डी. बी. तारापोरवाला यांनी दोन लाख रुपये दिले होते. त्या काळी समुद्राच्या पोटात काय आहे हे सामान्य माणसाला दाखवणारं दुसरं साधन नव्हतं. आपल्याकडची माणसंही मुंबईला गेली की ते बघून यायची. त्याला मी नावं ठेवत नाही. पण २०१५ साली त्याचं नूतनीकरण झालं तेव्हा कौतुक कशाचं झालं? काचेच्या बोगद्याचं. साठाहून अधिक वर्षांनी आपली कल्पना काचेपुढे सरकली नाही. खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतांशी समुद्रातून पकडूनच आणलेले असतात, हे तिकिटावर लिहिलेलं नसतं. अमेरिकेत अटलांटाला २००५ साली प्रचंड मत्स्यालय उघडलं. तैवानहून व्हेल शार्क आणून ठेवले. पैशाला, डॉक्टरांना काही कमी नव्हतं. त्यांतले दोन २००७ सालीच मेले. कोंडलेले पशू पाहून नेमिनाथांनी रथ फिरवला. कोंडलेले मासे पाहून आपण सेल्फी काढतो.

मग पाण्यातल्या जिवाची सुटका कशी असते? पालघर जिल्ह्यात डहाणूला समुद्री कासवांचा दवाखाना आहे. वनखातं आणि तिथली प्राणिमित्र संस्था मिळून तो चालवतात. डॉ. दिनेश विन्हेरकर तिथे उपचार करतात. पावसाळ्यात खवळलेला समुद्र जखमी कासवं किनाऱ्यावर आणून टाकतो. कुणाचा वल्ह्यासारखा पाय टाकून दिलेल्या जाळ्याने कापलेला, कुणाच्या फुप्फुसात संसर्ग होऊन त्याला बुडीच मारता येत नाही. त्यांना टाकीत ठेवतात ते बरं होईपर्यंत. टाकी तीच, पाणी तेच, पण हेतू उलटा. इथे टाकी रिकामी झाली की आनंद होतो.

मोठ्या मत्स्यालयालाही हे जमतं. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या मत्स्यालयात १९९७ साली एका मासेमारी जहाजावरून लहानसं कासव आलं. योशी तिचं नाव. ती लोकांची लाडकी झाली, तिच्यासाठी तिकिटं खपत असणार. तरीही डिसेंबर २०१७ मध्ये पाठीवर माग काढणारं यंत्र बसवून तिला समुद्रात सोडलं. २०२० साली ती ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला पोचली होती. वीस वर्षं सांभाळलेलं, पैसा मिळवून देणारं जनावर हातातून सोडायला छाती लागते. लेकीला सासरी पाठवणाऱ्या बायकांना हे समजावून सांगायला नको.

माहेरवाशिणीचा दाखलाही आहेच. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मारले जायचे. २००१ साली कायद्याने त्याला संरक्षण मिळालं, पण कायद्याने जाळी सुटत नाहीत. २००४ साली मोहीम सुरू झाली आणि मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं, की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. कोळी जाळी कापून त्याला सोडू लागले. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित जलचर अडकल्यावर जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. विचार करा बायांनो. मासे मारून पोट भरणारा माणूस हातातलं जाळं कापतो. आणि अहिंसेची शिकवण बाळकडूतून मिळालेले आपण भाजीवाल्याची प्लास्टिकची पिशवी सोडत नाही. मग जीवदया कुणाची मोठी?

"पण बेळगावला समुद्र कुठाय?" एक नाही, दोन आहेत. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगवणारी मलप्रभा पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यातली म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्रात जाते. निपाणीजवळची वेदगंगा दूधगंगेत, दूधगंगा कृष्णेत, कृष्णा बंगालच्या उपसागरात. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या बाभळींना लोंबणाऱ्या पिशव्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. धरणं अडवतात तेवढ्या अडतात, बाकीच्या पुढे जातात. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते, आणि ते ती गिळतं. कोणत्या समुद्रातलं कासव, हेही विचारू नका. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेची पट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये कोकणात गुहागरला अंडी घालताना सापडली. तिला दोन्ही समुद्र एकच.

"मग मुलांना दाखवायचं तरी काय?" वेळास दाखवा. मंडणगड तालुक्यातलं हे गाव. तिथे पूर्वी कासवांची अंडी उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आता पिल्लं वाळूतून निघून समुद्राकडे चालत जातात ते पाहायला लोक येतात, गावातल्या घरांत उतरतात, घरच्या बायकांच्या हातचं जेवतात. पिल्लू मुठीएवढं असतं. ते लाटेत शिरून दिसेनासं होतं आणि सारा किनारा गप्प होतो. जे परत मिळणार नाही त्याच्यावर जीव लावायला मूल तिथे शिकतं. काचेवर बोट टेकवून ते शिकता येत नाही.

आणखी एक, थोडं कडू. पुण्य म्हणून दुकानातले मासे, कासवं विकत घेऊन तळ्यात सोडणं बंद करा. आपण दहा घेतले की दुकानदार वीस आणतो. लाल कानपट्टीचं परदेशी कासव आपल्या तळ्यात सोडलं की इथल्या कासवांच्या तोंडचं जातं. ओढ्याचे जीव विहिरीत सोडू नयेत, हा आजीचा नियम इथेच मोडतो.

बस्तीच्या पावतीपुस्तकात 'जीवदया' असा रकाना असतो. त्यातला एक वाटा दरवर्षी जलचरांच्या दवाखान्याला जावा, आणि पर्वाच्या जेवणावळीतून प्लास्टिकचे पेले, पत्रावळ्या हद्दपार व्हाव्यात, असे दोन ठराव महिला मंडळांनी मांडावेत. मोठं मत्स्यालय मागायचं असेल तर बेळगावात मागू नका. आपलं राज्य कर्नाटक, त्याला कारवारपासून खाली लांब किनारा आहे, होन्नावरकडे कासवं अंडी घालतात. तिथे दवाखाना मागा, परत सोडायच्या दारासकट. समितीतले पुरुष हसतील, "बायकांना आता समुद्राचं लागलं" म्हणतील. हसू देत. गाळणं कधी त्यांच्या हातात नव्हतं.