दाखवा, पण वाजवायला द्या!

नवी इलेक्ट्रिक गिटार घरात आली की चार दर्दी मित्रांना दाखवल्याशिवाय पोराला चैन पडत नाही. त्यात वावगे काही नाही. पहिला टीव्ही आला तेव्हा आपणही शेजाऱ्यांना बोलावलेच होते! परंतु मित्रमंडळी आधी कंपनीचे नाव वाचतात, मग किंमत विचारतात. ज्याची गिटार स्वस्तातली, तो पुढच्या वेळी यायचेच टाळतो. हे बरे नव्हे.

वाचकहो, या वाद्याचा आवाज नावात नसतो. तारांखाली लोहचुंबक असतात व त्यांच्याभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. पोलादी तार थरथरली की त्या वेटोळ्यात किंचित वीज निर्माण होते आणि अ‍ॅम्प्लिफायर तिचा मोठा आवाज करतो.

इंग्लंडमधील 'क्वीन' या वाद्यवृंदाचा गिटारवादक ब्रायन मे याला तरुणपणी महागडी गिटार परवडत नव्हती. १९६३ साली बापलेकांनी घरीच ती करायला घेतली. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, पट्टीवरचे ठिपके म्हणजे शिंपल्याच्या गुंड्या! २००२ साली हीच गिटार त्याने बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर वाजवली.

तेव्हा पालकांनो, हप्त्यावर मोठ्या नावाची गिटार घेण्याआधी मुलगा रोज किती वेळ सराव करतो ते पाहा. आणि मुलांनो, नवी गिटार जरूर मिरवा. पण ज्याच्याकडे गिटारच नाही, त्याच्या हाती ती सर्वांत आधी द्या.