बाळ की टीनएजर?

लेस्टरला राहणारी माझी भाची परवा १३ वर्षांची झाली. फोनवर लाडाने 'बाळ' म्हटलं तर बाईसाहेब फणकारल्या, "मामा, मी आता टीनएजर आहे!"

इंग्रजांची गंमतच आहे. इन्फन्ट म्हणजे मूळ लॅटिनमध्ये 'न बोलणारं', टॉडलर म्हणजे दुडूदुडू चालणारं, आणि किड तर चक्क शेळीचं करडू! टीनएजर मात्र निव्वळ आकड्यांचा खेळ. थर्टीन ते नाइन्टीन, शेवटी 'टीन' येतं म्हणून.

आमच्या लहानपणी असा हिशेब नव्हता. काम सांगायचं असलं की 'घोडा झालास', सिनेमाला जातो म्हटलं की 'लहान आहेस अजून'. त्यापेक्षा तिचा शब्द बरा. निदान आपण कुठे उभे आहोत ते तिला ठाऊक आहे.

असो. फोन ठेवताना माझ्या तोंडून पुन्हा 'बाळ'च निघालं. सवय जाणार कशी?