पायथॉन शिकायची, पण दोन की तीन?

परीक्षा आटोपल्या की पालक शाळेत येतात ते सुट्टीचे प्रश्न घेऊन. हल्ली त्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "टीचर, मुलीला पायथॉन शिकायची आहे. मामूंच्या मुलाचे जुने पुस्तक घरात पडून आहे. तेच चालेल ना? भाषा काय, तीच!"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर नीट द्यायला हवे. कारण चुकीच्या पुस्तकाने सुरुवात केलेले मूल पहिल्याच दिवशी अडते आणि "मला हे जमत नाही" असे ठरवून टाकते. दोष पुस्तकाचा असतो, खचते मात्र मूल.

पायथॉन ही भाषा नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी तयार केली. ती 1991 मध्ये लोकांसमोर आली. (नाव सापावरून नाही, माँटी पायथॉन या विनोदी मंडळीवरून ठेवले आहे.) 2000 साली तिची दुसरी आवृत्ती आली आणि ती जगभर पसरली. पुढे भाषेतल्या काही जुन्या उणिवा एकदाच दूर कराव्यात असे ठरले आणि डिसेंबर 2008 मध्ये पायथॉन 3 आली. मात्र दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेले बरेच प्रोग्राम तिसरीत जसेच्या तसे चालेनात. कंपन्यांकडे जुने काम ढीगभर होते. त्यामुळे 2015 मध्ये थांबवायची असलेली पायथॉन 2 आणखी पाच वर्षे सांभाळावी लागली. अखेर 1 जानेवारी 2020 पासून तिची देखभाल बंद झाली.

म्हणजे बारा-तेरा वर्षांपूर्वी "आधी दोन शिका" असे सांगणारा माणूस चुकीचे सांगत नव्हता. आज तसे सांगणारा मात्र जुन्या वेळापत्रकावर गाडी पकडायला पाठवतो आहे.

फरक कुठे जाणवतो? पहिल्याच ओळीत. पडद्यावर काही दाखवायचे तर 'प्रिंट' ही आज्ञा वापरतात. पायथॉन 2 मध्ये तिच्यापुढे कंस न देता मजकूर लिहिला तरी चालतो. पायथॉन 3 मध्ये कंस हवाच, नाहीतर लगेच चूक दाखवली जाते. दुसरा फरक भागाकाराचा. 7 ला 2 ने भागा म्हटले, तर पायथॉन 2 उत्तर देते 3. पायथॉन 3 देते 3.5. मुलाने तीन विषयांच्या 200 गुणांची सरासरी काढायला घेतली, तर एकीकडे 66 येतील आणि दुसरीकडे 66.66 च्या पुढे. पहिल्या उत्तरात चुकीची सूचनाही येत नाही, म्हणून ते अधिक फसवे.

तिसरा फरक आपल्या घरांना जवळचा. आपली मुले मराठी लिहितात, उर्दूही लिहितात. पायथॉन 3 या लिप्या पहिल्यापासून ओळखते. उर्दू लिपीत 'सलाम' लिहून अक्षरे मोजायला सांगा, उत्तर 4 येते. देवनागरीतही काना वेगळा धरून 4 येते. पायथॉन 2 मध्ये फाइलीच्या वर एक खास ओळ लिहिल्याशिवाय अशी अक्षरे घेतलीच जात नाहीत, आणि घेतली तरी साध्या पद्धतीने मोजल्यावर उर्दू 'सलाम'चे 8 भरतात. कारण ती अक्षरे न मोजता ती साठवायला लागलेली जागा मोजते. आपल्या भाषेत शब्दकोडे किंवा म्हणींची यादी करू पाहणाऱ्या मुलाला हा फरक मोठा आहे.

तेव्हा उत्तर स्पष्ट आहे: पायथॉन 3. मग मुले विचारतात, तीनमधली कोणती? अलीकडे दर ऑक्टोबरात एक नवी येते. 3.12 आली 2023 मध्ये, 3.13 आली 2024 मध्ये. प्रत्येकीची देखभाल साधारण पाच वर्षे होते. नवशिक्याला त्यांच्यातला फरक जाणवणारही नाही. एवढेच लक्षात ठेवा, की हा दशांश अपूर्णांक नव्हे. 3.10 ही 3.9 च्या नंतरची आहे. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज 7 असेल, तर त्यावर 3.8 पर्यंतच चालते. सरावापुरती तीही पुरेशी आहे. कॉम्प्युटरच नसेल, तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडून सुरुवात करता येते. पायथॉन मोफत आहे. ती 'विकत' देणाऱ्यापासून दूर राहा.

क्लासची फी भरण्यापूर्वी अम्मी-अब्बूंनी तीन गोष्टी विचाराव्यात. कोणती आवृत्ती शिकवता? शिकवण्याची वही किंवा नोट्स दाखवाल का? आणि मुलाला स्वतःच्या हाताने रोज किती वेळ लिहायला मिळेल? नोट्स हातात आल्या की 'प्रिंट' शब्द शोधा. पुढे कंस नसेल, तर नोट्स जुन्या आहेत. हे ओळखायला कॉम्प्युटर यावा लागत नाही.

आणि मामूंच्या घरचे ते पुस्तक? रद्दीत देऊ नका. अट कशी मांडायची, एखादे काम पुन्हा पुन्हा कसे करून घ्यायचे, याद्या कशा ठेवायच्या, ही प्रकरणे आजही उपयोगी आहेत. फक्त मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत 'पायथॉन 2' असे लिहून ठेवा, म्हणजे ते उद्या मोहल्ल्याच्या वाचनालयात गेले, तरी दुसरे एखादे मूल त्याच्यामुळे अडणार नाही.