शिपायाच्या घरचें ऋण

सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे हें लहान गांव. १९१४-१८ च्या महायुद्धांत त्या एका गांवचे ४६ शिपाई कामास आले व इंग्रज सरकारनें त्यांचें स्मारक उभारलें. स्मारकावर आंकडा आहे. पण मागें नांगर कोणीं धरला, सावकाराचें व्याज कोणीं फेडलें, हें त्यावर नाहीं. आजहि रीत तीच! १५ ऑगस्टला शाळेंत शिपायाच्या विधवेस नारळ-लुगडें देऊन आपण मोकळे होतों. दुसरे दिवशीं तीच बाई वारसनोंदीकरितां तलाठ्याच्या दारीं बसलेली दिसते. हा मान कीं थट्टा? आमच्या लिहित्या-वाचत्या बंधूंनीं भाषणें थोडीं कमी करावीं आणि तिचे कागद आधीं पुरे करून द्यावे. पेरणीच्या दिवसांत औत लागेल, तें न मागतां पाठवावें. नारळ मग द्या.