ब्लँकेट झालं, हिशोबाचं काय?

गेल्या डिसेंबरात मीही कोडोलीच्या शिवारात ब्लँकेटं वाटली. बीडकडच्या ऊसतोड मजुरांचा तळ होता. पाचटाच्या, प्लास्टिकच्या कोप्या आणि मधे आमचे मोबाईल. एका मावशींनी ब्लँकेट घेतलं, फोटोला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “दादा, उचलीचा हिशोब तेवढा कागदावर मांडून दे की.” मी ‘बघू’ म्हणालो. पुन्हा गेलो तर तळ उठला होता.

यांना बेघर म्हटलं की गावात लोक चिडतात. “घर आहे की त्यांचं तिकडं!” आहे. पण अर्धं वर्ष ते कुलूपबंद असतं. इथं नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. तापानं पडलं तरी खाडा धरतात, वर दंड. उचल फिटली की वाढली, ते मुकादमाच्या वहीला ठाऊक.

गावाकडं काम नाही, म्हणून ही उचल. आणि कामाची हमी तर महाराष्ट्रानं १९७७ मध्येच कायद्यानं दिली, १९७२च्या दुष्काळातून शिकून. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. पण मागणीची तारखेसह पोच हातात नसेल, तर भत्ता कशाच्या जोरावर मागायचा? ती पोच मिळेपर्यंत ग्रामपंचायतीत बसून राहणारा स्वयंसेवक मला अजून भेटलेला नाही. त्याची रील होत नाही ना!

आमचा ग्रुप यंदा स्वेटर वाटणार आहे. मी वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन जातोय. ग्रुपवर त्याला अजून एकही अंगठा आलेला नाही.